पुष्पलतावहिनींचा उलटा हात

आमच्या इमारतीत कुणाकडे काय शिजतंय ते जिन्यात कळतं आणि कोण काय लपवतंय ते डक्टमध्ये. सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या त्या एकाच अरुंद बोळकांडीत उघडतात. बिल्डरने नागपूरच्या मनीषनगरातली जागा वाचवली आणि आमची सगळ्यांची अब्रू त्या बोळकांडीत टांगून ठेवली.

तर अधूनमधून, बहुधा कुणाच्या लग्नाच्या किंवा बारशाच्या आदल्या दिवशी, त्या डक्टमधून एक वास यायचा. गुलाबाच्या अत्तरात कुणी चुना आणि नासलेलं अंडं कालवावं, तसा. ज्या बाईने आयुष्यात एकदा जरी घरी केस काढायचं क्रीम वापरलं असेल, तिला तो ओळखायला दुसऱ्यांदा नाक लावावं लागत नाही. मीही वापरते. माझी ट्यूब आरशाच्या कपाटात टूथपेस्टच्या शेजारी राजरोस उभी असते. पण हा वास यायचा समोरच्या पुष्पलतावहिनींच्या घरातून, आणि वहिनींचं म्हणणं असं, की त्यांच्या घराण्यात बाईमाणसाच्या अंगावर केस येतच नाहीत.

"आमचं अंगच तसं आहे वं भारती," त्या मला सांगायच्या. "माझ्या आईचं तसंच, माझंही तसंच. पार्लरचं तोंड नाही पाहिलं मी कधी. सारं कुदरती."

हे सांगताना त्यांच्या वरच्या ओठावर कालचा लालसर पट्टा अजून चकाकत असायचा. मी त्या पट्ट्याकडे न पाहता कुदरतीचं कौतुक करायचे. शेजारधर्म म्हणजे तरी दुसरं काय असतं.

पुष्पलतावहिनी मूळच्या उमरेडच्या. कोष्ट्याचं घर, घरात माग. वडील विणायचे, आई सूत भरायची, आणि या पोरीचं काम होतं उतरलेलं कापड तपासायचं. डोळ्यांनी नव्हे, हाताने. तळहात राबून राठ होतो, त्याला बारीक गाठ लागत नाही, म्हणून हाताची पाठ कापडावरून उलट्या दिशेने न्यायची. गाठ, कुसळ, तुटका धागा, सगळं तिथे टोचतं. माग बंद पडून चाळीस वर्षं झाली, भाऊ कोळसा खाणीत लागले, माग लाकडाच्या भावात गेला, पण तो हात तसाच राहिला. इतवारीतल्या दुकानात त्या साडीवरून हाताची पाठ फिरवायच्या तेव्हा बडबड्या दुकानदारही गप्प व्हायचा. "भाऊ, हे हातमागाचं नाही, पावरलूमचं आहे," असं त्या म्हणाल्या की तो बिचारा दुसरा गठ्ठा सोडायचा. हे कसब खरं होतं. मी त्यांच्याबरोबर साड्या घ्यायला गेले आहे आणि कधी फसले नाही.

पण बाईला मुलगा झाला, मुलगा मोठा झाला, आणि त्या हाताला नवीन काम मिळालं.

पियुष त्यांचा एकुलता एक. इंजिनियर, मिहानमधल्या कंपनीत. दिसायला बरा, बोलायला गोड, बत्तीस ओलांडलेला. त्याच्यासाठी मुली पाहणं सुरू होऊन बराच काळ लोटला होता आणि जमत काही नव्हतं, कारण वहिनी मुलींना तपासायच्या. त्याची एक पद्धत होती. कांदेपोहे व्हायचे, पत्रिका, नोकरी, गाव, सगळं व्हायचं. मग निघताना मुलीला कुंकू लावायला म्हणून त्या जवळ बोलवायच्या. कुंकू लावून झालं की तिचा हात हातात घ्यायच्या. "पाहू वं तुझ्या बांगड्या, किती सुरेख!" म्हणत बांगड्या कोपरापर्यंत सरकवायच्या आणि मनगटापासून वर, उलट्या दिशेने, हाताची पाठ फिरवायच्या. मुलीला वाटायचं, सासूबाई माया करून राहिल्या.

घरी आल्यावर निकाल लागायचा. "पोरगी चांगली आहे. पण पोत नाही."

पोत! कापडाला लावायचा शब्द त्यांनी माणसाच्या लेकरांना लावला आणि घरात कुणालाच ते खटकलं नाही. सक्करदऱ्याच्या मुलीचा पोत खरबरीत होता. भंडाऱ्याच्या मुलीचा पोत बरा होता, पण हनुवटीखाली "दोन धागे" निघाले होते. एका मुलीचा हात अगदी गुळगुळीत लागला, तर वहिनी म्हणाल्या, "काल-परवाच क्रीम लावून काढलेलं आहे. बोटाले समजते. फसवणूक आहे ही." म्हणजे केस असले तर नापास, नसले तर लबाड.

आणि हे ऐकत सोफ्यावर कोण बसलेलं असायचं? तर रुपरावजी, म्हणजे वहिनींचे यजमान. खाणीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, स्वभावाने गरीब. त्यांच्या दोन्ही कानांतून केसांचे असे झुबके बाहेर आलेले, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कानात कुणी ज्वारीची कणसं खोचली आहेत. त्यांचा पोत कुणी कधी काढला नाही.

एकदा वाटाणे सोलता सोलता वहिनींनी मला स्वतःच सांगितलं होतं, की लग्न होऊन आल्या तेव्हा सासू त्यांना चारचौघांत "मिशीवाली" म्हणायची. चुलीतली बारीक राख ओठावर चोळायला लावायची, सालपटं निघेपर्यंत. सांगताना त्यांचा हात नकळत ओठाकडे गेला. मला वाटलं, आता ही बाई म्हणेल की असं कुणाच्या लेकीला होऊ नये. त्या म्हणाल्या, "पण म्हातारीचं बरोबर होतं वं. नवऱ्याच्या घरी जायचं तं नीट होऊन जावं." राखेने जळलेल्या बाईने राखेचीच बाजू घेतली. मी वाटाणे सोलत राहिले.

मग कन्हानची मेघा आली.

मेघा वीज कंपनीत ज्युनियर इंजिनियर. दिवसभर उन्हातान्हात सबस्टेशनं आणि खांब पाहत फिरणारी. वडील जागेश्वर धकाते, आई सिंधूताई, वहिनींच्याच समाजातले, साधे लोक. नंदनवारांचं कुटुंब, म्हणजे वहिनी, रुपरावजी आणि पियुष, कन्हानला जाऊन मुलगी पाहून आलं ते वेगळ्याच अवस्थेत. पियुष हरखलेला. रुपरावजींना तिकडची वांग्याची भाजी आवडलेली. आणि वहिनी अस्वस्थ.

"काहून वं वहिनी, आवडली नाही का मुलगी?" मी विचारलं.

"आवडली ना. बोलते नीट, बसते नीट. पण बाह्या मनगटापर्यंत होत्या वं तिच्या! एवढ्या गर्मीत! मी बांगड्या वर करतो म्हटलं तं बांगड्याच नाही, घड्याळ. काहीतरी आहे बाप्पा."

"उन्हात काम करते ना ती. माझी भावजयही स्कूटीवर जाताना पूर्ण हात झाकते."

"तू भोळी आहे," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

इकडे पियुष आणि मेघाचं फोनवर बोलणं सुरू झालं. रोज संध्याकाळी हा गॅलरीत उभा. मी कपडे काढायला गेले की कानावर यायचं, ऐकायचं नसलं तरी. तो हसायचा, चक्क हसायचा. त्या घरातून इतक्या वर्षांत मी मिक्सरचा आवाज ऐकला होता, टीव्हीचा ऐकला होता, पण हसण्याचा हा पहिलाच. मुलगा गुंतला होता, हे मला दिसत होतं, रुपरावजींना दिसत होतं आणि वहिनींनाही दिसत होतं. आता फक्त वहिनींचा होकार बाकी होता, आणि तो त्या उलट्या हातावर अडकला होता. हे फिसकटलं असतं तर पोराचं पुन्हा कुठे मन बसलं असतं, कोण जाणे.

रीतीप्रमाणे मुलीकडचे घर पाहायला येणार होते. आमच्याकडे त्या वेळी मुलगी येत नाही, तिचे आईबाप, काका-मामा येतात. पण वहिनींनी कन्हानला निरोप धाडला, की मुलीलाही आणा. "जमाना बदलला आता. जिले राहायचं आहे तिनं घर पाहायले नको का?" सिंधूताई फोनवर भारावून गेल्या म्हणे. किती मोकळ्या विचारांची सासू!

मोकळे विचार कसले! मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत कुणी मनगटापर्यंत बाह्या घालून बसत नाही, एवढाच तो विचार होता.

रविवारची दुपार ठरली. वहिनींनी मला आलुबोंडे तळायला बोलावलं. मी गेले तर हॉल चकचकीत, पन्ह्याचं पातेलं फ्रिजमध्ये, सोफ्यावर नवी कव्हरं, आणि वहिनी न्हाणीघरात. दाराखालून तो वास. अत्तर, चुना, अंडं.

"वहिनी, मी आली," मी बाहेरून म्हटलं.

"हाव, तू बेसन काढून ठेव. मी तोंड धुवून राहिली," आतून आवाज आला. ओठ न हलवता बोलल्यासारखा.

मी बेसन कालवलं. बटाट्याचे गोळे केले. तेल तापत ठेवलं. तोंड धुण्याचा आवाज काही येईना. त्या क्रीमला मोजकी मिनिटं द्यायची असतात, आणि हातापायाची ट्यूब चेहऱ्याला लावायची नसते. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण ते वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावून डबा वाचला म्हणजे डबा आहे हे कबूल करावं लागतं. शिवाय वहिनींचा हिशोब मागावरचा. सुताला खळ लावली की ती मुरू द्यायची, घाई केली की सूत कच्चं राहतं. त्यांनी ओठावर आणि हनुवटीवर क्रीम मुरत ठेवलं होतं.

"वहिनी, झालं का? पाहुणे अजनीपर्यंत आले, पियुष म्हणून राहिला."

"आलीच," त्या म्हणाल्या, आणि पाठोपाठ आत बादली आपटल्याचा आवाज आला. "अहो! बादलीतलं पाणी कुठं गेलं?"

हॉलमधून रुपरावजी शांतपणे म्हणाले, "कूलरमध्ये टाकलं ना. पाहुणे येऊन राहिले, टाकी कोरडी होती कूलरची."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी नळाला पाणी येतं, ते गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं, आणि त्यात चहा होईल. म्हणून प्रत्येक घरात सकाळीच बादल्या भरून न्हाणीघरात ठेवतात. ती एक गार बादली रुपरावजींनी नेमकी त्या घटकेला कूलरला पाजली होती. वहिनींच्या तोंडावर क्रीम चरचरायला लागलेलं, डोळ्यांत पाणी, हाताशी दुसरं काही नाही. त्यांनी नळ सोडला आणि ओंजळ भरून तोंडावर मारली.

ती किंकाळी डक्टने वरच्या मजल्यापर्यंत नेली.

मी दार ठोठावलं. वहिनी बाहेर आल्या. वरचा ओठ टम्म, हनुवटी लालभडक, मिरची वाटून थापल्यासारखी. मी फ्रिजमधल्या गार पाण्यात रुमाल भिजवला. "हा धरून ठेवा नुसता. दुसरं काही लावू नका."

"असं तोंड घेऊन पाहुण्यासमोर जाऊ का?"

"जळलं आहे म्हणून सांगा ना. आलुबोंडे तळताना तेल उडालं, सांगा."

पण त्यांनी रुमाल फेकला आणि साईत हळद कालवून ओठावर फासली. आग होतेय म्हटलं की हळद, हे ज्ञान आपल्याकडे बाळाच्या घुटीबरोबरच पाजलेलं असतं. आग आणखी वाढली तशी पुसायला गेल्या. साय निघाली, हळद राहिली. उकाड्याने वाळून ती अशी बसली, की वहिनींना भरघोस पिवळी मिशी आली. जी नको म्हणून एवढा खटाटोप केला, ती हनुवटीच्या दाढीसकट आली.

खाली गाडी थांबली. वहिनींनी पदर तोंडावर ओढून घट्ट धरला. "दाढ दुखते म्हणून सांगजो," त्या मला म्हणाल्या. पियुष हे सगळं हॉलच्या दारात उभा राहून पाहत होता. तो एवढंच म्हणाला, "आई, आता पुरे कर ना." पण इतक्या हळू, की ते त्याच्या शर्टालाही ऐकू गेलं नसेल.

पाहुणे आले. "या गा जागेश्वरभाऊ!" रुपरावजींनी स्वागत केलं. जागेश्वरभाऊ, सिंधूताई, आणि मागून मेघा. निळा सुती कुर्ता, बाह्या कोपराच्या वर. हात उन्हाने रापलेले आणि त्यावर लव, जशी असते तशी, लपवलेली नाही की मिरवलेली नाही. आल्या आल्या तिने पियुषकडे पाहिलं आणि जराशी हसली. गाडी तीच चालवत आली होती.

मला वाटलं, चला, एक बरं झालं. आता दिसलंच आहे, तर हात फिरवायची गरज राहिली नाही. जे काय ठरवायचं ते वहिनी डोळ्यांनी ठरवतील.

घर पाहून झालं. गॅलरी पाहिली, देवघर पाहिलं. आलुबोंडे झाले. "तुम्ही काहून घेत नाही ताई?" असं सिंधूताईंनी विचारलं तर पदरामागून उत्तर आलं, "दाढ." जागेश्वरभाऊ म्हणाले, "लवंग धरा," आणि रुपरावजी म्हणाले, "धरली आहे तिनं," कारण त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

मग वहिनींनी कुंकवाची कोयरी आणली. एका हाताने पदर धरलेला, दुसऱ्या हाताच्या बोटाने मेघाला कुंकू लावलं. आणि मग, डोळ्यांसमोर सगळं ढळढळीत दिसत असताना, त्यांनी मेघाचा हात घेतला. बांगड्या नव्हत्या म्हणून घड्याळ वर सरकवलं. आणि हाताची पाठ मनगटापासून कोपरापर्यंत फिरवली. सावकाश. मग परत एकदा.

सिंधूताईंच्या लक्षात आलं. आईच ती. त्या घाईघाईने म्हणाल्या, "उन्हात फिरते ना ताई ती. वेळच नाही भेटत तिले. लग्नाच्या आधी करून घेऊ सगळं."

मला त्या माउलीचा असा राग आला, आणि राग येऊन उपयोग नव्हता. लेक वीज कंपनीत इंजिनियर, आणि आई तिच्या हातावरच्या केसांची माफी मागून राहिली.

"हो ना," वहिनींना जोर चढला. "आजकाल क्रीम भेटते वं, घरच्या घरी. पाच मिनिटाचं काम. बाईच्या जातीनं एवढं तं केलंच पायजे. आमच्याकडे तं कुणाले लागतच नाही, आमचं अंगच..."

बोलायच्या भरात पदर धरलेला हात सुटला.

सगळ्यांनी पाहिलं. जागेश्वरभाऊंच्या हातातला बोंडा बशीत परत गेला. रुपरावजींनी कान खाजवला. मी खाली फरशीकडे पाहिलं, कारण मला हसू येत होतं आणि ते हसू चांगलं नव्हतं.

मेघा हसली नाही. ती उठली, वहिनींच्या अगदी जवळ गेली आणि तिने वास घेतला असावा, कारण तिला लगेच समजलं.

"काकू, खूप आग होऊन राहिली असंल ना?" ती म्हणाली. "हळद धुवून टाका. गार पाण्यानं नुसतं. आणि संध्याकाळपर्यंत कमी नाही झालं तं डॉक्टरले दाखवा. फोड येतो कधी कधी. माझ्या मैत्रिणीले आला होता."

एवढंच. टोमणा नाही, आवाजात चिमटा नाही. वहिनींचे डोळे भरून आले. आगीने भरले की कशाने, ते मला सांगता येणार नाही. त्यांना त्या घरात आजवर "आग होते का" असं कुणी विचारलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

मग मेघा पियुषकडे वळली. पियुष इतका वेळ मोबाइलमध्ये पाहत होता. मोबाइल बंद होता. काळ्या काचेत पाहत होता.

"पियुष, तू म्हणाला होता, आई हात पाहते. मी म्हणाली, पाहू दे. तेव्हा तू म्हणाला, मी तसं होऊ देणार नाही. म्हणाला होता ना?"

"मेघा, आता इथं नको ना..."

"आणि मग दोन दिवसांनी तू घरी ट्यूब पाठवली. ऑनलाइन. माझ्या आईनं पार्सल उघडलं." ती सिंधूताईंकडे पाहत नव्हती. "मी ते लावलं नाही. मले लावायचं असतं तं मी माझ्या मनानं लावते, कधी लावते पण. आज मुद्दाम लावलं नाही. मले पाहायचं होतं, तू काय करतो."

पियुषने मान वर केली. आता तरी तो काही बोलेल, असं मला वाटलं. वहिनींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी त्याच्याकडे आशेने पाहिलं. आईनेच घडवलेला पोरगा आईविरुद्ध उभा राहावा, अशी आशा मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिली.

तो म्हणाला, "अगं, पण लावूनच आली असती तं हा विषयच झाला नसता ना."

मेघाने घड्याळ पुन्हा मनगटावर सरकवलं. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "चला बाबा."

जागेश्वरभाऊ उठले. हात जोडून रुपरावजींना म्हणाले, "येतो भाऊ," आणि रुपरावजी सवयीने म्हणाले, "पन्हं राहिलं ना तुमचं." सिंधूताईंना काय करावं कळेना. त्या अर्ध्या उठल्या, परत बसल्या, मग लेकीच्या मागे गेल्या. दारात मेघा वहिनींसाठी थांबली. "घर चांगलं आहे काकू. हवा येते," एवढं म्हणून ती जिना उतरली.

दार उघडंच होतं. मग वहिनींचा आवाज आला, फाटलेला.

"जाय ना रे!"

पियुष दचकला.

"जाय ना! उभा काय राहिला? अडव तिले! माझी चूक आहे म्हण, म्हातारी पागल आहे म्हण, काहीही म्हण. पण जाय!"

पियुष गॅलरीपर्यंत गेला. खाली वाकून पाहिलं. बाहेर ते ऊन असं, की समोरच्या प्लॉटवरचे पत्रे डोळ्यांत घुसत होते, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तो आत आला. कूलरसमोरची खुर्ची ओढली आणि बसला.

"ऊन किती आहे आई," तो म्हणाला. "थोडं उतरू दे. मग फोन करतो मी तिले."

ज्या मुलीची सगळी नोकरी उन्हातली, तिच्यासाठी याला इमारतीच्या दारापर्यंत जाववेना. मी आजवर पुष्कळ भित्री माणसं पाहिली आहेत, घाबरण्यातही त्यांची काही धडपड असते. हा नुसता सोयीचा होता. आईचा हात सोयीचा, मेघाचं हसणं सोयीचं, ट्यूबही घरपोच येणारी. मला आजवर वाटत होतं, वहिनी त्याचं लग्न होऊ देत नाहीत.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग चप्पल न घालता, पदर न सावरता, तोंडावर ती लाल-पिवळी मिशी घेऊन त्या जिन्याकडे निघाल्या.

"वहिनी, चप्पल!" मी ओरडले. "पाय भाजतील!"

मी गॅलरीत धावले. गाडी वळवून झाली होती. वहिनी तापलेल्या सिमेंटवरून एक पाय उचलत, एक टेकवत, जवळजवळ नाचत गाडीशी पोचल्या. आमच्या इमारतीतल्या, समोरच्या इमारतीतल्या खिडक्यांचे पडदे हलले. ज्या बाईने वास लपवायला न्हाणीघराची खिडकी वर्षानुवर्षं कागद लावून बंद ठेवली, ती भर दुपारी तसं तोंड घेऊन रस्त्यात उभी होती. मेघाने काच खाली केली. वहिनी वाकून काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मेघाने ऐकून घेतलं, मग तीही काहीतरी बोलली, थोडंसंच. खिडकीतून हात बाहेर काढून तिने वहिनींच्या हातावर ठेवला, पाण्याची गार बाटली दिली आणि काच वर केली. गाडी गेली.

वहिनी वर आल्या तेव्हा बाटली हनुवटीला लावलेली होती. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, तळपाय वर घेतले.

कूलरसमोरून पियुषने विचारलं, "काय म्हणाली ती?"

"तुले काहून सांगू?" वहिनी म्हणाल्या. "खाली तं तू आला नाही."